उजवीकडे पाहणारा राजा

सुवास्तूचं वरचं खोरं
आर्किदम राजाचं दुसरं वर्ष, दैसिय महिना

कालिफोनकडून धाकट्या भावाला, निकांद्रला. तू बरा असशील तर ठीक. मी बरा आहे.

पुष्कलावतीची नवी चांदीची नाणी, नवे द्रम्म, परवा इथे पोचले. लोकर घ्यायला आलेल्या तांड्याने आणले. त्यातला एक घेऊन मी तेलवाल्याकडे गेलो. त्याने द्रम्माकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आत हाक मारली.

"अगं ए, बाहेर ये. राजा आलाय तेल मागायला."

मी म्हटलं, "चेष्टा पुरे. तेल दे."

"जरा तोंड फिरवा, महाराज. असं नाही, उजवीकडे. बघ गं, बघ. कानसुद्धा!"

निकांद्र, माझ्या उजव्या कानाची पाळी खेचराने फाडली ते तुला माहीत आहे. नाण्यावरच्या राजाच्या कानाची पाळी फाटलेली आहे. नाकाचं हाड बाबांचं आहे. खालचा ओठ पुढे आहे. द्राक्षाचा रस चाखताना माझा तसा होतो, असं चंद्रभी नेहमी म्हणते.

घरी येऊन नाणं दाखवलं, तर ती हसून हसून उंबऱ्यात बसली. "इतकी वर्षं जेवायला वाढतेय तुम्हाला, एका शब्दाने बोलला नाहीत." सासरे हसले नाहीत. त्यांनी नाणं कपाळाला लावलं आणि माझ्यासमोर नुसते उभे राहिले. पुढे काय करायचं असतं ते त्यांना सुचेना. मलाही सुचेना.

राजाला मी पाहिलेलं नाही. या खोऱ्यात कोणीच पाहिलेलं नाही. आम्हाला राजा म्हणजे हे नाणं. राजाचा ठसा टांकसाळीत तू कोरतोस. तेव्हा तूच सांग, हा मी आहे का? असलो तर रागावणार नाही. पण खरं सांग.


पुष्कलावती, टांकसाळ
आर्किदम राजाचं दुसरं वर्ष, पनेमस महिना

निकांद्रकडून दादाला. तू बरा असशील तर ठीक. मी बरा आहे.

तुझं पत्र वाचून मला हसू आलं. तेलवाल्याला सांग, तेल विक.

दादा, राजाला मी समोर बसून पाहिलं आहे. त्याचं नाक तसंच आहे. आपल्या लोकांत निम्म्यांची नाकं तशीच असतात. नाण्यावर राजा उजवीकडे पाहतो. आमच्या टांकसाळीत तो नेहमी उजवीकडेच पाहतो, डावीकडे पाहणारा राजा हरलेला समजतात. एकाच बाजूने पाहिलं की कोणीही कोणासारखा दिसतो.

कानाचं तेवढं तू विचारू नयेस अशी माझी इच्छा होती. कोरताना छिन्नी सटकली. ठशाचा तिथे टवका उडाला आणि तो पाळीवर आला. कारागिराला अशा गोष्टीची लाज वाटते, म्हणून मी कोणाला बोललो नाही. तूही बोलू नकोस.

यंदा द्राक्षं कशी आहेत? गेल्या सालचं मद्य उरलं असेल तर एक बुधला पाठव. वहिनींना नमस्कार सांग.


सुवास्तूचं वरचं खोरं
आर्किदम राजाचं दुसरं वर्ष, गोर्पिय महिना

कालिफोनकडून निकांद्रला. तू बरा असशील तर ठीक. आम्ही बरे आहोत. बुधला तांड्याबरोबर पाठवला आहे, तोंड घट्ट बांधलं आहे.

छिन्नी सटकली असं तू लिहिलंस. ठीक. खरं सांगायचं तर मला जरा वाईट वाटलं. चंद्रभी म्हणाली, "सुटले. राजाची बायको व्हायला मला वेळ कुठाय?"

पण गाव सोडत नाही. सुरुवातीला चेष्टाच होती. द्राक्षं तुडवायच्या सणाला पोरांनी माझ्या डोक्याला पांढरी पट्टी बांधली, नाण्यावर आहे तशी. पुढे ती चेष्टा कधी संपली ते मला कळलं नाही. पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं आणि लोक माझ्याकडे आले. एका बाजूला सासरे, दुसऱ्या बाजूला सोमिल. सोमिलचा मळा आमच्या वरच्या अंगाला आहे, तुला आठवत असेल.

ते दोघे बोलत होते आणि मी उजवीकडे तोंड करून बसलो होतो. आपण तसे बसलो आहोत हे मला मध्येच कळलं. तरी मी सरळ झालो नाही.

सोमिल म्हणाला, "आजोबांपासून पाण्याची पहिली पाळी आमची. हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुलाही."

मी म्हटलं, "पहिली पाळी सासऱ्यांची."

"कालिफोन, अरे इकडे बघ की. माझ्याकडे बघून बोल."

मी बघितलं नाही. मग त्याने हात जोडले आणि तो गेला. तो भांडला असता तर मी निकाल फिरवला असता.

यंदा त्याचा खालचा मळा वाळला. आता मी त्या वाटेने जात नाही, ओढ्याकडून फिरून जातो. तुला सोडून हे कोणाला लिहिलेलं नाही. मला लाज वाटते. पण राजा दिलेला निकाल फिरवत नाही असं काहीतरी त्या वेळी माझ्या मनात होतं. हसू नकोस.


पुष्कलावती, टांकसाळ
आर्किदम राजाचं दुसरं वर्ष, अपेलाय महिना

निकांद्रकडून दादाला.

सोमिलला त्याचं पाणी परत दे. हे पत्र वाचून झालं की उठ आणि दे. पट्टी जाळून टाक. कोणी निवाड्याला बोलावलं तर जाऊ नकोस. आणि दाढी वाढव.

इकडच्या बातम्या चांगल्या नाहीत. राजा आजारी आहे. सिंधूच्या पलीकडे पोलिक्रात राजाचे घोडेस्वार आले आहेत. त्याने खालची दोन शहरं घेतली. आमच्या राजाची नाणी तिथे तो वितळवत नाही, तेवढा वेळ त्याला नाही. तापवून त्यांच्यावरच आपला ठसा मारतो. त्यातलं एक माझ्या हातात आलं. नव्या राजाच्या गालाखाली जुन्याचा कान दिसत होता.

तू आणि वहिनी हिवाळाभर डोंगरापलीकडे मावशीकडे जाऊन राहा. तिला बरं वाटेल. दाढीने थंडीत ऊबही येते.

खाली एक ओळ लिहिली होती, ती खरवडून काढली आहे. तिच्यात विशेष काही नव्हतं.


सुवास्तूचं वरचं खोरं
क्षंदिक महिना. कोणाचं वर्ष घालायचं ते माहीत नाही.

चंद्रभीकडून निकांद्र भावजींना. विहारातले भिक्षू लिहून देत आहेत.

भावजी, तुमच्या दादांना धरून नेलं आहे.

तुमचं पत्र आलं तेव्हा आम्ही हसलो होतो. हे म्हणाले, "निकांद्रला राजवाड्यातली हवा लागली. दाढी रानातली माणसं ठेवतात. आपण यवन आहोत, ग्रीकांच्या वंशातले, रोज सकाळी दाढी करतो." मावशीकडची वाट बर्फाने बंद झाली होती. खरवडलेली ओळ आम्ही भूर्जपत्र उन्हात धरून पाहिली. वाचता आली नाही. सोमिलचं पाणी वसंतात देऊ असं हे म्हणाले होते.

वसंताच्या आधी पोलिक्रातचे शिपाई आले. पुष्कलावती पडली आणि राजा सापडला नाही, म्हणून ते खोऱ्याखोऱ्यांतून फिरत आहेत. त्यांच्यात कोणी राजाला पाहिलेलं नाही. त्यांच्या नायकाने गळ्यात द्रम्म बांधला होता. गावातल्या सगळ्या पुरुषांना पाराजवळ उभं केलं, उजवीकडे तोंड करायला लावलं आणि तो एकेकापाशी नाणं धरत आला. ह्यांच्यापाशी आला आणि थांबला.

हे हसले. म्हणाले, "नायक, माझे हात बघा. द्राक्षाचे डाग आहेत. राजाचे असतात का?"

नायक म्हणाला, "लपलेला राजा द्राक्षंच पिळणार. आणखी काय करणार?" मग त्याने लोकांना विचारलं, "हा कोण?"

तेलवाला म्हणाला, "कालिफोन. जन्मापासून इथलाच."

"मग हा गावात निवाडे करतो असं खालच्या गावात ऐकलं, ते कसं?"

तेव्हा सोमिल बोलला. "करतो. माझं पाणी त्याने तोडलं. मी काही करू शकलो नाही. राजाचंच तोंड होतं." तो खोटं बोलला नाही, भावजी. मला त्याच्या अंगावर धावून जायचं होतं, पण तो खोटं बोलला नव्हता.

त्यांना पुष्कलावतीला नेत आहेत. नायक म्हणाला, ठसा कोरणारा टांकसाळीत आहे, त्याने राजाला पाहिलं आहे, तो ओळखेल. हे ऐकून ह्यांचा जीव भांड्यात पडला. मला म्हणाले, "रडतेस काय? निकांद्र आहे तिथे. एका शब्दाचं काम. येताना तुला शहरातून बांगड्या आणतो."

एका शब्दाचं काम आहे, भावजी.


पुष्कलावती, टांकसाळ
पोलिक्रात राजाचं पहिलं वर्ष, आर्तमिसिय महिना

निकांद्रकडून वहिनींना.

दादा जिवंत आहे. त्याला सोडलं आहे. मिठाच्या तांड्याबरोबर तो येतो आहे, तांड्याचा म्होरक्या ओळखीचा आहे.

त्याच्या उजव्या गालाला भाजलं आहे. मध आणि तूप लावत राहा, जखम उघडी ठेवू नका. बोलायला त्रास होईल. त्याला काही विचारू नका.

मला जे करता आलं ते मी केलं. बांगड्या बरोबर दिल्या आहेत.


सुवास्तूचं वरचं खोरं
पनेमस महिना

चंद्रभीकडून भावजींना. तुम्ही बरे असाल तर ठीक, असं भिक्षूंनी सवयीने लिहिलं होतं. मी खोडायला लावलं.

त्यांना काही विचारू नका असं तुम्ही लिहिलंत. मी विचारलं नाही. त्यांनीच थोडं थोडं सांगितलं. बोलताना ओठ एका बाजूलाच हलतो, म्हणून वेळ लागला.

ते म्हणाले की टांकसाळीत तुम्हाला पाहून त्यांना इतका आनंद झाला की ते हाकच मारणार होते. नायकाने तुम्हाला विचारलं, हा आर्किदम का? तुम्ही म्हणालात, नाही. नायक म्हणाला, मग नाण्यावर कोण आहे? तुम्ही म्हणालात, राजा आहे, हा माणूस नुसता तसा दिसतो. नायकाने ह्यांना विचारलं, तू कोण? हे म्हणाले, मी याचा भाऊ.

मग नायक तुमच्याकडे वळला. आणि तुम्ही म्हणालात, "मी या माणसाला कधी पाहिलेलं नाही."

भिक्षू इथे थांबले आणि म्हणाले, असं लिहू नये. मी म्हटलं, लिहा.

हे तुमच्यावर रागावलेले नाहीत. मला समजावतात. "मला भाऊ म्हणाला असता तर खोटा ठसा कोरला म्हणून तिथल्या तिथे त्याचा हात तोडला असता. हात गेला की कारागीर संपला. मीच चुकलो, मी बोलायला नको होतं." तुम्ही नाही म्हणालात तेव्हा त्यांना सगळं कळलं, असं ते म्हणतात. छिन्नी सटकली नव्हती हेही.

नायक म्हणाला, हा राजा असो नसो, हे तोंड बाजारात फिरायला नको, लोक त्याच्यामागे गोळा होतील. तो असंही म्हणाला की जुनं नाणं आम्ही टाकत नाही, वरून ठसा मारतो. नव्या राजाचा ठसा भट्टीत तापवला. चिमटा तुमच्या हातात दिला, कारण दुसऱ्या कोणी धरला तर ठसा तिरका पडेल.

हे म्हणतात, "जराही हलला नाही बघ. केवढा हात आहे त्याचा."

हे ते अभिमानाने सांगतात, भावजी. त्यांच्या गालावरची अक्षरं भिक्षूंनी वाचली. नव्या राजाच्या नावाआधी 'त्राता' असं आहे. नाव पुसट आहे, 'त्राता' तेवढं स्पष्ट उमटलं आहे.

सोमिलचं पाणी परत दिलं. हे स्वतः जाऊन पाट फोडून आले. सोमिल रडला आणि मग त्यांच्याबरोबर जेवायला बसला. तेलवाला आता चेष्टा करत नाही. त्याने ह्यांच्या हातातून पैसे घेतले आणि खाली बघितलं. मला वाटतं, ह्यांना ती चेष्टा हवी होती.

जखम भरली आहे. पण उजवा डोळा पूर्ण मिटत नाही. ओठाचा कोपरा खाली आला आहे. पाणी पिताना ते हनुवटीवरून ओघळतं, म्हणून पाहुण्यांसमोर हे पाणी पीत नाहीत. तहान लागली की मळ्यात जातात.

त्यांना एकच विचारायचं आहे. खरा राजा दिसायला कसा होता? ते म्हणतात, "ज्याच्यासाठी भाजलो त्याचं तोंड तरी माहीत असावं." मला ते नको आहे. मला हे कळायला हवं आहे की तुम्ही ते का केलंत. पण त्यांचं आधी लिहा.


पुष्कलावती
लोय महिना

निकांद्रकडून वहिनींना.

दादाचं आधी लिहितो. मग तुमचं आपोआप येईल.

आर्किदमचा उजवा गाल लुळा होता. गादीवर बसायच्या आधी त्याच्या तोंडावरून वारं गेलं होतं. डावी बाजू चांगली होती, पण नाण्यावर राजा डावीकडे पाहत नाही. दरबारातल्या म्हाताऱ्या अमात्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे कोरू नकोस. राजा कोर." मी घरी आलो, मेण घेऊन बसलो. लहानपणी मी जेवायला दादाच्या उजव्या हाताला बसायचो. वर बघितलं की तो दिसायचा. हातांना दुसरा चेहरा येतच नव्हता. फाटलेली पाळी कोरायची गरज नव्हती. मला ती गाळता आली नाही.

नाणी पाडली त्या दिवशी राजा टांकसाळीत आला. त्याने पहिला द्रम्म हातात घेतला आणि खूप वेळ पाहिला. त्याचं बोलणं जड होतं, नीट कान देऊन ऐकावं लागायचं. त्याने मला विचारलं, "हा ज्याचा चेहरा, त्याला घरी कोणी आहे?"

मी म्हटलं, "नाही, महाराज."

पोलिक्रातच्या नायकासमोर मी दादाला नाकारलं ते पहिल्यांदा नव्हे. पत्रातली खरवडलेली ओळ अशी होती: 'नाण्यावर तू आहेस, पळून जा.' लिहिली आणि वाटलं, दादा वाचेल आणि त्याला कळेल की मी त्याला खोटं लिहिलं होतं. एवढ्यासाठी खरवडली.

राजा सापडला नाही असं तुम्ही लिहिलं होतंत. शहर पडलं त्या दिवशी मी उत्तर वेशीपाशी होतो. बाहेर जाणाऱ्यांना थांबवून शिपाई नाणं लावून बघत होते. एक माणूस आला, घोंगडी पांघरलेला, तोंड वाकडं. शिपायाने नाण्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चल, चल, वाट अडवू नकोस." तो जाताना माझ्याकडे वळला. त्याने मला ओळखलं. मीही त्याला ओळखलं आणि मान खाली घातली. तो कुठे गेला, जगला की नाही, माहीत नाही. त्याचं म्हणून जे काही मागे राहील ते त्या नाण्यांवर राहील, आणि तिथे तो नाही.

मी आता ठसे कोरत नाही. हात ठीक आहेत. डोळ्यांना त्रास होतो असं सांगितलं आहे. भट्टीवर कोळसा घालतो. नवी नाणी जुन्यांवरच पाडतात, त्यामुळे दादा अजून रोज माझ्यासमोर येतो. कुठे नाक, कुठे कान.

तुमच्याकडे येईन असं म्हणायची माझी लायकी नाही. म्हणत नाही.

उजवा डोळा मिटत नाही, ओठ खाली आला आहे, असं तुम्ही लिहिलंत. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. वहिनी, राजा तसाच होता. अगदी तसाच. दादाला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पण एवढं सांगा. राजा पाणी पिताना ओठाचा तो कोपरा बोटाने हलकेच वर धरायचा आणि मान थोडी डावीकडे करायचा. चारचौघांत प्यायचा. पाणी सांडत नसे.